राहू, भूछाया आणि ब्रह्मगुप्त

श्रोतेहो, ग्रहण लागले की आपल्या गावांतून आणि शहरांच्या आळ्यांतून 'दे दान, सुटे गिराण' अशी आरोळी पूर्वी ऐकू येत असे. ती आरोळी आता बहुतेक ठिकाणी विरली आहे. परंतु तिच्यामागची कल्पना फार जुनी आहे. सूर्याला किंवा चंद्राला कोणीतरी धरले आहे आणि दानाने त्याची सुटका होईल, अशी ती कल्पना. गंमत अशी की, जे जोशीबुवा दानाचे पुण्य सांगत त्यांच्याच पंचांगात त्या ग्रहणाचा स्पर्श, मध्य आणि मोक्ष घटकापळांनिशी आधीच छापलेला असे. धरणारा केव्हा धरणार आणि केव्हा सोडणार हे वर्षभर आधी ठाऊक असेल, तर तो दैत्य कसला, आणि त्याच्यावर दानाचा परिणाम तो काय व्हावा? एखाद्या चौकस मुलाने असे विचारल्यावर घरची वडील मंडळी काय उत्तर देत असतील ते देवोत. परंतु हाच प्रश्न सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानातील एका अत्यंत कुशाग्र ज्योतिषापुढे उभा होता. त्याने दिलेले उत्तर मोठे विलक्षण आहे, आणि त्या उत्तरावर चारशे वर्षांनी एका परदेशी विद्वानाने घेतलेला आक्षेप त्याहूनही विलक्षण आहे. आज मी त्या दोघांविषयी बोलणार आहे.

त्या ज्योतिषाचे नाव ब्रह्मगुप्त. त्याच्या पित्याचे नाव जिष्णु. चापवंशातील राजा व्याघ्रमुख राज्य करीत असता शके ५५० मध्ये, म्हणजे इसवी सन ६२८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी आपण 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' रचला, असे तो स्वतःच सांगतो. त्यावरून त्याचा जन्म शके ५२० मधील ठरतो. मागाहूनचे टीकाकार त्याला भिल्लमालकाचार्य म्हणतात. भिल्लमाल म्हणजे आजच्या राजस्थानातील भीनमाळ. शून्य, धन आणि ऋण या संख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे आणि गुणाकारांचे नियम सूत्ररूपाने बांधून देणारा हाच पुरुष. वर्तुळात बसणाऱ्या चौकोनाचे क्षेत्रफळ त्याच्या चार भुजांवरून काढण्याची रीती त्याचीच. पुढे भास्कराचार्यांसारख्या मानी पंडिताने त्याला गणकांच्या समुदायातील चूडामणी म्हटले, आणि भास्कराचार्य उगाच कोणाची स्तुती करणारे नव्हते. आपले शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या ग्रंथात त्याची सविस्तर ओळख करून दिली आहे. ज्यांना अधिक वाचावयाचे आहे त्यांनी तो ग्रंथ अवश्य पाहावा. मला मात्र ब्रह्मगुप्ताच्या गणितापेक्षा त्याच्या मनाविषयी बोलावयाचे आहे.

प्रथम राहू या शब्दाचा थोडा उलगडा केला पाहिजे, कारण सारा घोटाळा या एका शब्दात साठला आहे. पुराणातील राहू म्हणजे सिंहिकेचा पुत्र. अमृताच्या पंक्तीत लबाडीने बसलेला, सूर्यचंद्रांनी चहाडी केल्यामुळे शिर गमावलेला आणि त्या वैराने दोघांस ग्रासणारा दैत्य. ज्योतिषांचा राहू निराळा. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेशी अगदी जुळती नाही. ती सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. या दोन वाटा आकाशात दोन ठिकाणी एकमेकींस छेदतात. त्या छेदनबिंदूंना पात म्हणतात, आणि त्यांपैकी एकास राहू व दुसऱ्यास केतू अशी नावे पडली. पौर्णिमा किंवा अमावास्या या पाताजवळ आली तरच ग्रहण घडते. एरवी चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निसटून जातो. हे पात स्थिर नसतात. ते उलट्या दिशेने सरकत साडेअठरा वर्षांहून किंचित अधिक काळात एक फेरा पुरा करतात. म्हणून तुमच्याआमच्या कुंडलीतील राहू नेहमी वक्रीच असतो. त्याला ना शिर, ना धड. तो एक भूमितीतील बिंदू आहे. नाव मात्र दैत्याचे.

ग्रहण हे सावल्यांचे काम आहे ही गोष्ट ब्रह्मगुप्ताच्या काळी नवी मुळीच नव्हती. इसवी सन ४९९ मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी आर्यभटाने कुसुमपुरातील विद्वानांना मान्य असलेले ज्ञान आपल्या लहानशा ग्रंथात गुंफले. त्यात त्याने सरळ सांगून टाकले की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी छाया चंद्राला झाकते. दैत्याचे नाव त्याने खंडनापुरतेही काढले नाही. आर्यभटाची हीच तऱ्हा आहे. तो वाद घालीत बसत नाही.

वराहमिहिराची प्रकृती वेगळी. अवंतीचा हा बहुश्रुत पंडित सहाव्या शतकातला. त्याच्या 'बृहत्संहिते'त राहुचारावर एक अध्याय आहे, आणि त्यात तो राहूवादी लोकांची अक्षरशः उलटतपासणी घेतो. तुमच्या राहूची गती नियमित आहे की अनियमित? नियमित असेल, तर तो आपल्यापासून अर्धे आकाश दूर असलेल्या चंद्राला कसा काय पकडतो? अनियमित असेल, तर गणिताने त्याचा वेळ आधी कसा कळतो? तो तोंडाने आणि शेपटीने अशा दोन्ही टोकांनी ग्रासतो म्हणावे, तर मधल्या अंतरावर असलेल्याला का सोडतो? असे एकामागून एक प्रश्न करून तो निर्णय देतो की चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो आणि सूर्यग्रहणात तो सूर्यबिंबावर येतो. म्हणूनच चंद्रग्रहणाला पश्चिमेकडून आणि सूर्यग्रहणाला पूर्वेकडून आरंभ होत नाही.

इतके झाल्यावर वराहमिहिराला श्रुतिस्मृतींची आठवण होते. ग्रहणकाळी स्नान, दान आणि होम सांगितलेला आहे. त्याची वाट काय? त्यावर तो म्हणतो की ग्रहणसमयी जे दिले जाईल, जे हवन होईल, त्याच्या अंशाने तुझी तृप्ती होईल, असा ब्रह्मदेवाने त्या असुराला वर दिला आहे. त्यामुळे त्या वेळी त्याचे तेथे सान्निध्य असते आणि केवळ उपचाराने लोक राहूचे नाव घेतात. श्रोत्यांनी ही योजना नीट ध्यानात ठेवावी. या मांडणीत राहू उपस्थित आहे, पण तो कर्ता नाही. लग्नघरी आलेल्या पाहुण्याप्रमाणे तो जेवतो; लग्न त्याच्यामुळे लागत नाही. शास्त्राच्या कार्यकारणाला यामुळे धक्का पोहोचत नाही आणि धर्मशास्त्राचा मानही राहतो. ही युक्ती चतुर आहे, आणि माझ्या मते प्रामाणिकही आहे.

आता ब्रह्मगुप्त काय करतो ते पाहू. 'ब्राह्मस्फुटसिद्धांता'च्या गोलाध्यायात तो या विषयाला हात घालतो तेव्हा आरंभी आपणांस वाटते की हा गृहस्थ आर्यभट-वराहमिहिरांच्याच वाटेने निघाला आहे. सूर्याला आणि चंद्राला झाकणारा एकच असता, तर दोन्ही ग्रहणांची दिशा, प्रमाण आणि काल यांत इतका भेद का पडावा, असा मुद्दा तो मांडतो. चंद्रग्रहण पूर्वेच्या कडेने लागते, सूर्यग्रहण पश्चिमेच्या. चंद्रग्रहण दीर्घकाळ टिकते, सूर्यग्रहण लवकर आटोपते. चंद्रग्रहण जेथून जेथून दिसेल तेथे सारखेच दिसते, सूर्यग्रहण एका गावी खग्रास तर दुसऱ्या गावी खंडग्रास. म्हणजे झाकणारे दोन आहेत आणि दोहोंची मापे निराळी आहेत. आधुनिक मापाने सांगावयाचे तर चंद्राच्या अंतरावर पृथ्वीच्या छायेचा व्यास चंद्रबिंबाच्या अडीचपटीहून थोडा अधिक भरतो. म्हणून खग्रास चंद्रग्रहणात चंद्र पावणेदोन तासांपर्यंत बुडालेला राहू शकतो, तर खग्रास सूर्यग्रहणाचा अंधार फार झाला तरी साडेसात मिनिटे. युक्तिवाद निर्दोष आहे. वाचणारा आता निष्कर्षाची वाट पाहतो.

आणि येथे ब्रह्मगुप्त एकाएकी वळतो. वराहमिहिर, श्रीषेण, आर्यभट आणि विष्णुचंद्र यांची नावे घेऊन तो म्हणतो की राहू हे ग्रहणाचे कारण नव्हे हे त्यांचे म्हणणे लोकविरुद्ध आहे, आणि वेद, स्मृती व संहिता यांच्या बाहेरचे आहे. राहू ग्रासत नसेल तर ग्रहणकाळचे स्नान, दान, जप, होम ही सर्व कर्मे निष्फळ ठरतील. स्मृतिवचन आहे की राहुदर्शनाच्या वेळी सर्व उदके गंगेसमान पवित्र होतात; त्या वचनाचे काय करावयाचे? म्हणून राहूचे अस्तित्व मानलेच पाहिजे. मग तो वराहमिहिराने वापरलेलाच ब्रह्मदेवाचा वर पुन्हा पुढे आणतो, पण त्यात एक मोठा फेरफार करतो. त्या वराच्या सामर्थ्याने राहू पौर्णिमेच्या अंती पृथ्वीच्या छायेच्या अंधारात शिरतो आणि चंद्राला झाकतो. अमावास्येच्या अंती जलमय चंद्र तेजोमय सूर्याच्या खाली आला म्हणजे त्या चंद्रात शिरून सूर्याला झाकतो.

वराहमिहिराचा राहू शेजारी बसला होता. ब्रह्मगुप्ताचा राहू सावलीच्या आत जाऊन बसला. हा फरक वरवर सूक्ष्म दिसतो, परंतु सारे मर्म त्यात आहे. पाहुण्याला आता यजमान केले. त्याचे माप छायेचेच माप, त्याची गती छायेचीच गती, त्याचा आरंभ व शेवट छायेचाच आरंभ व शेवट. असा राहू आहे असे म्हटले काय आणि नाही असे म्हटले काय, गणितात एका विकलेचाही फरक पडत नाही. भांडणाला जागाच उरली नाही, असे कोणास वाटेल. परंतु मग वराहमिहिरादिकांची नावे घेऊन त्यांस दूषण देण्याचे कारण काय होते?

त्याच ग्रंथाचे चौथे आणि पाचवे अध्याय उघडा. त्यांत ग्रहणाचे प्रत्यक्ष गणित आहे. तेथे ब्रह्मगुप्त सूर्य, चंद्र आणि भूछाया यांची बिंबमाने काढतो. छादक व छाद्य यांच्या व्यासांच्या बेरजेची निमपट घेतो. तीतून चंद्राचा शर, म्हणजे क्रांतिवृत्तापासून त्याचे दक्षिणोत्तर अंतर, वजा करतो आणि ग्रास किती ते ठरवितो. सूर्यग्रहणात पाहणाऱ्याचे स्थान बदलल्याने चंद्र जागचा सरकल्यासारखा दिसतो, त्याचा लंबनसंस्कार देतो. सावली कशी शंकूसारखी निमुळती होत जाते हे त्याला पुरते ठाऊक आहे. दैत्याचा वर या गणितात कोठेच मोजावा लागत नाही. आर्यभटाने जसे गणित केले असते तसेच ब्रह्मगुप्ताने केले.

येथे आपला दुसरा पुरुष प्रवेश करतो. अल्बेरुणी हा ख्वारिज्मचा, जन्म इसवी सन ९७३. गझनीच्या महमुदाने त्याचा देश जिंकल्यावर तो गझनीस आला, आणि महमुदाच्या तलवारीने उघडलेल्या वाटेने हिंदुस्थानात येऊन त्याने येथील विद्येचा ध्यास घेतला. संस्कृत ग्रंथ पंडितांच्या साह्याने समजून घेऊन १०३०च्या सुमारास त्याने हिंदुस्थानावरील आपला प्रसिद्ध अरबी ग्रंथ लिहिला. त्याच्या पूर्वीच, आठव्या शतकात, ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतील गणित बगदादेस खलिफा अल्-मन्सूर याच्या दरबारी पोहोचले होते व 'सिंदहिंद' या नावाने अरबांत गाजले होते. तेव्हा अल्बेरुणीला ब्रह्मगुप्त परका नव्हता. हिंदू ज्योतिषांत तो त्याला सर्वांत श्रेष्ठ मानतो. म्हणूनच ग्रहणाच्या प्रकरणात तो ब्रह्मगुप्ताचे वरील वचन उद्धृत करतो तेव्हा त्याला झालेले दुःख लपत नाही. परक्याच्या चुकीवर माणूस असा चिडत नाही. ज्याला गुरुस्थानी मानले त्याच्यावरच चिडतो.

त्याचे पहिले उत्तर 'लोकविरुद्ध' या शब्दाला आहे. सारे लोक असे मानतात असे तू म्हणतोस. सारे म्हणजे कोण? साऱ्या वस्तीयोग्य पृथ्वीवरील लोकांना विचारून आला आहेस काय? हिंदुस्थान हा त्या पृथ्वीचा लहानसा भाग आहे, आणि त्याच्याबाहेर हिंदूंशी न जुळणारी माणसेच अधिक आहेत. दुसरे उत्तर तो जणू ब्रह्मगुप्ताच्या कानाशी लागून देतो, आणि ते फार बोचरे आहे. धर्मग्रंथांना विरोध करू नये असे तुझे मत असेल, तर तो उपदेश करून झाल्याबरोबर तू स्वतः चंद्राचा व्यास आणि भूछायेचा व्यास मोजावयास का बसलास? ज्यांना तू पाखंडी ठरविलेस त्यांच्याच मताप्रमाणे दोन्ही ग्रहणे का गणिलीस? ज्यांची बाजू घेतलीस त्यांच्या मताने का गणित करून दाखविले नाहीस?

परंतु मला अल्बेरुणीचे तिसरे उत्तर सर्वांत मोलाचे वाटते. ब्रह्मगुप्ताची खरी भीती ही होती की राहू गेला तर ग्रहणाची कर्मे जातील. अल्बेरुणी म्हणतो की ग्रहण हे त्या कर्मांचे कारण नसून केवळ वेळ आहे. आम्हां मुसलमानांच्या नमाजाच्या वेळा सूर्याच्या उदयास्तावरून आणि उजेडावरून ठरतात, काही वेळी नमाज विहित आहे, काही वेळी निषिद्ध आहे. परंतु म्हणून आम्ही सूर्याची उपासना करतो असे नव्हे. सूर्य आमच्या उपासनेचे घड्याळ आहे, इतकेच. तसेच ग्रहणकाळी स्नानदान करावे अशी तुमच्या शास्त्राची आज्ञा असेल तर खुशाल करा; त्यासाठी कोणी चंद्राला गिळलेच पाहिजे असे नाही.

श्रोतेहो, या उत्तरात अल्बेरुणी ब्रह्मगुप्ताची श्रद्धा हिरावून घेत नाही. तो त्याला एवढेच सांगतो की तुझ्या श्रद्धेला जो टेकू तू आवश्यक समजतोस तो तिला नकोच आहे. वराहमिहिराच्या मनात हेच अंधुकपणे असावे. परंतु त्याने त्यासाठी असुराला मिळालेल्या वराची कथा वापरली, आणि अल्बेरुणीने कथा बाजूस ठेवून कारण आणि निमित्त यांतील भेद उघड केला. आजही कित्येक सुशिक्षित घरांत ग्रहणाच्या वेधात अन्न शिजवीत नाहीत. त्या घरातील मुलगा शाळेत सावल्यांच्या आकृत्या बिनचूक काढतो, आणि दोहोंचा मेळ कोणी विचारीत नाही. अशा घरात अल्बेरुणीचे हे एक पान वाचले गेले तर निदान वाद तरी शहाणपणाचा होईल.

मग ब्रह्मगुप्ताने असे का लिहिले? अल्बेरुणी अनेक तर्क करून पाहतो. पुराणे वाचणाऱ्या ब्राह्मणांची त्याला भीड पडली असेल. किंवा त्यांच्याविषयीच्या तिटकाऱ्याने त्याने त्यांची थट्टाच केली असेल. किंवा मरणोन्मुख माणसाप्रमाणे त्याची बुद्धी भ्रमली असेल. शेवटी त्याला सॉक्रेटिसाची आठवण येते. इतका बुद्धिमान, इतका ज्ञानी, आणि अवघ्या तिसाव्या वर्षी ग्रंथ लिहिणारा हा तरुण. त्याच्यावर सॉक्रेटिसासारखा काही प्रसंग ओढवला असावा आणि म्हणून त्याने आपल्या मनाविरुद्ध हे शब्द लिहिले असावेत. तसे असेल तर त्याची सबब आपण मान्य करू, असे म्हणून अल्बेरुणी विषय सोडून देतो.

ही उदारता मोठी आहे. पण मला ती पटत नाही. व्याघ्रमुखाच्या राज्यात कोणा ज्योतिषाला भूछायेसाठी विषाचा पेला देण्यात आला, किंवा पुढे १६३३ साली रोम येथे गॅलिलिओला जसे गुडघे टेकून आपले मत सोडावे लागले तसे कोणास सोडावे लागले, असा कोणताही पुरावा नाही. आर्यभटाने उघडपणे भूछाया सांगितली, वराहमिहिराने राहूवाद्यांची टर उडविली, आणि दोघांचे ग्रंथ सन्मानाने पढविले गेले. आठव्या शतकातील लल्लाने तर खोट्या समजुतींच्या खंडनाला एक स्वतंत्र अध्यायच दिला, आणि राहू मायावी असेल तर त्याचा वेळ गणिताने कसा कळतो असे पुन्हा विचारले. तेव्हा भीतीचे कारण दाखविता येत नाही.

मला वाटते, ब्रह्मगुप्त जे बोलला ते त्याला खरेच वाटत होते. त्याचा ग्रंथ ज्या प्रतिज्ञेने सुरू होतो ती पाहा. ब्रह्मदेवाने सांगितलेले ग्रहगणित फार काळ लोटल्यामुळे शिथिल झाले आहे. जिष्णुपुत्र ब्रह्मगुप्त ते स्पष्ट करीत आहे. म्हणजे ज्ञान मूळचे देवाचे, आणि माणसाने करावयाचे ते त्याची दुरुस्ती. या भूमिकेवरून पाहिले म्हणजे त्याची इतर भांडणेही समजतात. आर्यभटाने कृत, त्रेता, द्वापर आणि कली हे चार युगपाद समान मानले. स्मृतींत ते चार, तीन, दोन आणि एक या प्रमाणात आहेत. म्हणून ब्रह्मगुप्त त्याला फटकारतो. रोमकसिद्धांतात युग, मन्वंतर आणि कल्प या गणना नाहीत, म्हणून तो स्मृतीबाहेरचा ठरवितो. अशा माणसाला राहू सोडणे म्हणजे एक दैत्य सोडणे नव्हते. ज्या घराची डागडुजी करावयास तो निघाला होता त्या घराचा एक खांबच काढणे होते.

परंतु म्हणून ब्रह्मगुप्ताला शब्दप्रामाण्याचा दास समजणेही अन्यायाचे होईल. पृथ्वी स्वतःभोवती फिरते या आर्यभटाच्या मतावरही त्याने हल्ला चढविला, पण तेथे त्याने विचारलेले प्रश्न पदार्थविज्ञानाचे आहेत. पृथ्वी सरकते तर कोठून कोठे जाते? ती फिरते तर उंच वस्तू कोसळून का पडत नाहीत? प्रश्न चुकीच्या बाजूचे होते, पण प्रश्नांची जात शुद्ध होती, आणि म्हणूनच त्यांना उत्तर देता आले. नवव्या शतकातील त्याचाच टीकाकार पृथूदक याने गुरूच्या ग्रंथावर टीका लिहिताना शांतपणे नोंदविले की आर्यभटाचे मत समाधानकारक दिसते. पृथ्वीवर जो जेथे उभा असेल तेथेच त्याला वरची बाजू वाटते, तेव्हा वस्तू पडण्याचा आक्षेप टिकत नाही. बुद्धीने घेतलेला आक्षेप बुद्धीने फिटला. राहूचा आक्षेप मात्र फिटला नाही, कारण सावलीत दडलेल्या राहूला कोणते निरीक्षण खोटे ठरविणार? जी गोष्ट कोणत्याही वेधाने खोटी पडू शकत नाही ती शास्त्राच्या ग्रंथात एकदा शिरली म्हणजे शतकानुशतके बसून राहते.

तशी ती राहिलीही. पाचशे वर्षांनी आपल्या सह्याद्रीच्या आश्रयाने असलेल्या विज्जडविड गावच्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धांतशिरोमणी' रचला. बुद्धीचे तेज पाहावयाचे तर तो गोलाध्याय पाहावा. पृथ्वीला शेष, कूर्म किंवा दिग्गज यांचा आधार आहे म्हणणाऱ्यांना ते विचारतात की त्या आधाराला आधार कोणाचा, आणि त्याला कोणाचा? कोठेतरी थांबून शेवटचा स्वतःच्या शक्तीवर उभा आहे असे म्हणावयाचेच असेल, तर ती शक्ती पहिल्याच ठिकाणी, म्हणजे पृथ्वीतच का मानू नये? गणिताच्या प्रांतात उपपत्ती असलेलाच आगम प्रमाण, असेही ते अन्यत्र सांगतात. ग्रहणाविषयी तर त्यांनी एक सुंदर निरीक्षण नोंदविले आहे. अर्धा ग्रासलेला चंद्र पाहा, त्याची शिंगे बोथट दिसतात. अर्धा ग्रासलेला सूर्य पाहा, त्याची शिंगे तीक्ष्ण दिसतात. यावरून चंद्राला झाकणारे वर्तुळ मोठे आणि सूर्याला झाकणारे लहान हे डोळ्यांनीच सिद्ध होते.

आणि हे सर्व झाल्यावर भास्कराचार्य काय करतात? ते म्हणतात की राहू भूछायेच्या मंडलात शिरून चंद्राला आणि चंद्रात शिरून सूर्याला झाकतो. हे तमोमय राहूला वराने प्राप्त झाले आहे, आणि असे मानल्याने सर्व आगमांशी विरोध मिटतो. ब्रह्मगुप्ताचीच तडजोड! बदल एवढाच की येथे वर देणारा शंभू आहे. भास्कराचार्यांनी ब्रह्मगुप्ताप्रमाणे कोणावर बहिष्काराची भाषा मात्र वापरली नाही. त्यांच्या सुरात मला वाद मिटविणाऱ्या प्रौढ माणसाची घाई ऐकू येते: हे एवढे म्हणून टाकू या आणि पुढच्या गणिताकडे वळू या. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद आहे. यादव राजा सिंघण याच्या काळातील हा लेख डॉ. भाऊ दाजी यांनी गेल्याच्या आदल्या शतकात उजेडात आणला. त्या मठात बोथट शिंगांची उपपत्ती आणि शंभूचा वर ही दोन्ही एकाच पोथीतून पढविली जात असतील.

या तडजोडीचा लाभ उघड आहे. ज्योतिषी निर्वेधपणे आपले गणित करीत राहिला. धर्मसभेने त्याच्या पाटीवर हात ठेवला नाही. हानी तितकी उघड नाही. जे ज्ञान पोथीत होते ते पोथीबाहेर आले नाही. ज्योतिषाला ठाऊक होते की सावली पडते. ज्याच्यासाठी तो पंचांग करी त्याला शेवटपर्यंत वाटत राहिले की कोणी धरले आहे. ब्रह्मगुप्ताने 'लोक' या शब्दाचा आधार घेऊन आर्यभटाला दूषण दिले, पण त्या लोकांना छायेचे गणित समजावून सांगण्याचा भार मात्र घेतला नाही. मला त्याचा दोष वाटतो तो एवढाच. त्याच्या श्रद्धेचा मला दोष वाटत नाही.

त्याच्या उत्तरायुष्यातील एक गोष्ट सांगतो. इसवी सन ६६५ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, ब्रह्मगुप्ताने 'खंडखाद्यक' नावाचा एक लहान करणग्रंथ लिहिला. तरुणपणी ज्याला त्याने पदोपदी झोडपले त्या आर्यभटाच्या ग्रंथाशी तुल्य फल देणारे गणित आपण येथे सांगत आहोत, असे तो आरंभीच लिहितो. कारणही देतो. आर्यभटाच्या रीतीने रोजचे गणित करणे अवघड जाते. विवाह, जातक इत्यादी कामांसाठी लोकांना सोपे साधन हवे आहे, म्हणून हा ग्रंथ. त्यातही चंद्रग्रहणाचा एक अध्याय आहे आणि सूर्यग्रहणाचा एक. आणि दोहोंतील गणित चंद्राच्या व भूछायेच्या बिंबांवरूनच केले आहे.